दुसरी फेरी

"रिकामी," तो प्रत्येक सीटवर हात ठेवून मोठ्याने म्हणायचा. मुलं शाळेत उतरली की व्हॅनमध्ये पुढून मागे जायचा, सीटवर तळवा दाबायचा, "रिकामी, रिकामी" म्हणत शेवटपर्यंत. मग उतरून कुलूप घालायचा, चार पावलं जायचा आणि परत फिरायचा. पुन्हा कुलूप उघडून पहिल्या सीटपासून सुरू.

"अरे, आत्ताच बघितलंस ना?" मी विचारायची.

"बघितलं मावशी. पण आपण बघितलं असं वाटते ना, तेव्हाच काहीतरी राहून जाते."

गॅस बंद केला का म्हणून जिन्यातून परत फिरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हा त्यातला नव्हता. इथे अमेरिकेत, आमच्या वाळवंटातल्या चँडलर गावात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं की तोंडावर भट्टीची झळ येते. आत विसरलेलं पोर तिथे किती टिकणार? त्याची भीती खरी होती.

तो नागपूरचा. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता, नोकरी गेली. बायको हॉस्पिटलात कामाला होती म्हणून घर चालत होतं. मी चौथी शिकलेली, मुलाकडे राहणारी. व्हॅनमध्ये मुलांचे पट्टे लावायला बसायची.

शाळा चार्टर होती. म्हणजे पैसा सरकारचा, कारभार शाळेचा. फी नाही, सोडतीत नाव निघालं की प्रवेश. हायवेपलीकडची गरीब मुलं वाचनात, गणितात मागे आहेत, त्यांना पुढे आणायचं असं डायरेक्टर बाई प्रत्येक सभेत सांगायच्या. पण शाळेला बसच नव्हती. आपल्या इंजिनिअर लोकांची मुलं आईबापांच्या गाडीतून यायची. पलीकडच्या आया उजाडायच्या आत कामाला गेलेल्या. मुलांचं नाव सोडतीत निघून उपयोग काय? याने बाईंच्या मागे लागून व्हॅन सुरू करून घेतली आणि स्वतःच चालवायला बसला.

बाईंनी एक वर्ष दिलं. शाळेची दुसरी शाखा काढायची होती, त्यासाठी निकाल चांगला हवा होता. "या मुलांचे मार्क वाढले तरच व्हॅन पुढे चालेल," त्या म्हणाल्या.

झालं. याला दुसरी भीती लागली. सिग्नलला गाडी थांबली की मुलांना दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचा. मुलं ओरडून वाचायची. तिसरीतली दोन वेण्यांची एक मुलगीही फटाफट सांगायची. एकदा त्याने तिला चित्र नसलेली पाटी दाखवली. ती खिडकीबाहेर बघत गप्प बसली.

"मावशी, ही वाचत नाही," तो मला मराठीत म्हणाला. "दाताचं चित्र दिसलं की डेंटिस्ट म्हणते. यार, तीन वर्षं कोणाला कळलं नाही?"

त्या दिवसापासून ती पुढच्या सीटवर. तो अक्षरं विचारायचा, ती पुटपुटायची. परीक्षा जवळ येत चालली तसा तो जेवणाचा डबाही अर्धा परत न्यायला लागला.

परीक्षेची सकाळ. शाळा आली, मुलं घोळक्याने उतरली. त्याने सगळ्या सीट्सना हात लावला. "रिकामी." कुलूप घातलं. चार पावलं गेला, परत फिरला. मी हसले.

शेवटच्या सीटपाशी "रिकामी" आलं नाही. तो वाकला, मग तिथेच खाली बसला. मी आत गेले. सीटखाली ती मुलगी आडवी पडली होती, दप्तर छातीशी धरून. केस घामाने कपाळाला चिकटलेले.

"नो टेस्ट," ती हळूच म्हणाली. "प्लीज."

तिला मीच बाहेर काढलं. तिला वर्गात पोचवून तो ऑफिसकडे निघाला. मी त्याची बाही धरली.

"कुठे चाललास? पोरगी सापडली ना? गप्प बस."

"बाईंना सांगतो मावशी. ती उद्याही लपेल. उद्या मी आजारी पडलो, दुसरा ड्रायव्हर आला, तर?"

"सांगितलंस तर व्हॅन बंद होईल. मग सगळीच पोरं घरी बसतील."

"माहीत आहे ना," तो म्हणाला आणि गेला.

व्हॅन बंद झाली. बाई वाईट नव्हत्या, त्याही घाबरल्या. विमा, वकील, पेपरात नाव येईल. शुक्रवारपर्यंत चालवा म्हणाल्या.

त्याने गप्प बसायला हवं होतं असं मला अजून वाटतं. मग ते चिकटलेले केस आठवतात आणि माझं तोंड बंद होतं.

पुढच्या वर्षी शाळेचा निकाल उत्तम लागला. सूनबाई ईमेल वाचून म्हणाली, "आई, पुढच्या-मागच्या मुलांमधली गॅप कमी झाली म्हणतात." होणारच. मागची होती ती आता येतच नाहीत. दुसऱ्या शाखेची इमारत उभी राहते आहे. बसबद्दल कोणी बोलत नाही.

तो टेक्सासला गेला. एकदाच फोन आला. "मावशी, ती पोरगी आता कुठल्या शाळेत जाते?" मला माहीत नव्हतं. त्यालाही दुसरं काही विचारायचं नव्हतं.

व्हॅनच्या त्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी मुलांना घरी सोडून आम्ही व्हॅन शाळेत आणली. येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. तरी तो उठला आणि एकेका सीटवर तळवा दाबत मागे गेला. उतरला, कुलूप घातलं, परत आला. दुसरी फेरी झाली. किल्ली ऑफिसात द्यायची होती, बाई दारात उभ्या होत्या.

तो चार पावलं गेला, थांबला, आणि पुन्हा व्हॅनकडे वळला.