आबांचा अंगठा आणि जीपचं तेल

कोडोलीच्या आमच्या दूध डेअरीत माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, उजवा अंगठा हा शेवटचा शब्द होता. दुधाचा संशय आला की ते एक थेंब नखावर घ्यायचे, अंगठा तिरका करायचे आणि बघत राहायचे. थेंब पळाला तर दुधात पाणी. जागच्या जागी थांबला तर एकच शब्द बोलायचे, ‘चालंल.’ ‘चांगलं हाय’ असं त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलेलं नाही. म्हशीवाले तेवढ्यावरच खूश व्हायचे. मग नव्वदच्या दशकात डेअरीत फॅट मोजायचं मशीन आलं आणि आबांचा अंगठा घरी बसला.

घरी बसला म्हणजे आमच्या मागं लागला. चहा, आमटी, आईचं खोबरेल, माझं नेलपॉलिश, सगळ्याचे थेंब नखावर. आईनं एकदा उलथनं दाखवलं तेव्हा आमटी तेवढी सुटली.

त्याच सुमारास आबांनी मिलिटरीतून निघालेली एक जुनी जीप घेतली. आमचं शेत ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात बैलगाडी अर्ध्यात रुतायची. ही बया मात्र चारी चाकांनी रेटत चिखलातून बाहेर यायची. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला त्या जीपचं वेड लागलं होतं. शेतात मी चालवायचेच, पण डांबरी रस्त्यावर लायसनशिवाय न्यायची नाही, हा आबांचा कायदा. आत्याला तर पोरीनं जीप चालवणंच मान्य नव्हतं. तिनं आबांकडून कबूल करून घेतलं, की लायसनच्या टेस्टमध्ये मी नापास झाले तर स्टिअरिंगला पुन्हा हात लावायचा नाही. आबा व्हय म्हणून मोकळे झाले. माझा जीव टांगणीला लागला, त्यांचं काय जातंय?

टेस्ट जानेवारीत, कोल्हापूरला, सकाळी अकरा वाजता होती. ऐनवेळी माझी पंचाईत नको म्हणून आदल्या दिवशी आबांनी स्वतः इंजिनाचं ऑइल बदलायला घेतलं. तिथल्याच उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं बजावून ठेवलं होतं, वीस-चाळीस नंबरचंच घाला, दुसरं काही नको. आबा बाजारात गेले. मी बरोबर होते, म्हणून शपथेवर सांगते. दुकानदारानं वीस-चाळीस काढलं. आबांनी थेंब नखावर घेतला. थेंब पळाला. आबांनी निकाल दिला, की ह्यात पाणी हाय. दुकानदार बिचारा देवाच्या शपथा घ्यायला लागला. आबांनी त्याची आणखी दोन ऑइलं नापास केली. शेवटी कोपऱ्यातल्या पिंपातलं एक काकवीसारखं दाट तेल नखावर जे बसलं ते हलेचना. दुकानदार म्हणाला, अहो, हे गिअरबॉक्सचं. त्यावर आबांचं म्हणणं असं, की गिअरला एवढं ताकदीचं तेल देता, मग इंजिनानं काय घोडं मारलंय? मी मध्ये बोलले तर माझ्यावरच डोळे वटारले आणि तेच तेल इंजिनात गेलं.

सकाळी गारठा होता. सेल्फ मारला तर जीप एकदा कण्हली आणि गप्प झाली. चुलत्यांनी ट्रॅक्टर लावून ओढली तेव्हा कुठं चालू झाली, पण भांड्यांचं कपाट कोसळावं तसा खडखडाट. आबा चालवत होते, मी शेजारी बसून घड्याळ बघत होते. नवीन तेल हाय, मुरंल, असं ते मला वाघबीळच्या घाटापर्यंत सांगत होते. तेल म्हणजे काय लोणचं आहे? उद्यमनगरात आम्ही पावणेदहाला पोचलो.

मिस्त्रीनं खालून नट काढला. आधी काहीच आलं नाही. मग हळूहळू एक जाड काळी दोरी खाली उतरायला लागली. मिस्त्री वर आला आणि समजावून सांगू लागला, की इंजिनातलं तेल गार असतानाही झटकन सगळीकडं पोचलं पाहिजे, नाहीतर इंजिन घासून मरतं. आबा ऐकायलाच तयार नाहीत. ते पाणी माझ्या गाडीत घालायचं न्हाय म्हणाले आणि बॉनेटसमोर आडवे उभे राहिले. साडेदहा वाजत आले. माझं डोकं फिरलं.

“आबा, ही म्हस न्हाय! हिचं दूध डेअरीला घालायचं न्हाय आपल्याला.”

अख्खं गॅरेज हसलं. आबा हसले नाहीत. ते अंगठ्याकडं बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “तीस वर्सं ह्यानं कुणाला फसवलं न्हाय, बाय. आता ह्यालाबी काय कळत न्हाय, असं म्हण.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जीभ झडली असती तर बरं, असं वाटलं. तो मिस्त्री मात्र देवमाणूस. त्यानं वीस-चाळीसचा एक थेंब काढला आणि आबांचा हात धरून नखावर सोडला.

“मामा, अंगठा बरोबर हाय तुमचा. फकस्त हितं उलटं बघायचं. पळंल ते पास.”

आबांनी अंगठा तिरका केला. थेंब पळत पळत मनगटापर्यंत गेला. त्यांनी तो पुरा जाऊ दिला. मग बॉनेटसमोरून बाजूला झाले.

मिस्त्रीनं वीस-चाळीस ओतलं आणि जीप अर्ध्या सेल्फला उठली. अकराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही आरटीओत होतो. साहेब शेजारी बसले, मला चढावर थांबवलं, पुन्हा उठवायला लावलं. गाडी बोटभरसुद्धा मागं सरकली नाही. साहेबांनी कागदावर सही केली. मी आबांपुढं चावी धरली तर ती न घेता ते पलीकडून जाऊन डावीकडं बसले. कोडोलीपर्यंत मीच चालवली. घाटात उसाचा ट्रॅक्टर अंगावर आला तेव्हा त्यांनी फक्त पुढची दांडी घट्ट धरली.

आत्या दारातच उभी होती. काय झालं म्हणून तिनं विचारलं. आबा खाली उतरले, तेलकट अंगठा धोतराला पुसला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “चालंल.”

म्हणजे पास का नापास, असं आत्या विचारत राहिली. मी जीप बंद केली आणि तिथंच बसून हसता हसता रडायला लागले.