उंबरठ्यावर अडलेली नवरी

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे माझ्या हातातलं प्रत्येक पुस्तक म्हणजे अभ्यास, असा आईचा समज. काल लायब्ररीतली एक ऐतिहासिक प्रेमकादंबरी वाचताना मला हसू फुटलं आणि शेंगा सोलणारी आई थांबली.

"अभ्यासात हसण्यासारखं काय असतं गं?"

गोष्टीचं पुस्तक आहे म्हटलं तर ती मिटायला लावेल, अशी भीती वाटली. तरी सांगितलं, आणि ते पान मोठ्यानं वाचलं. नवी नवरी उंबरठ्यावर उखाणा विसरते. लढाईत कधी न डगमगलेला तिचा सरदार घामाघूम होऊन तिला तो हळूच सांगू लागतो, पण शेवटी स्वतःचंच नाव इतक्या मोठ्यानं घेतो की वरातीतली घोडीसुद्धा कान टवकारते.

आई तोंडाला पदर लावून हसली. "तुझ्या बाबांनीही हेच केलं होतं."

दारात सायकल पुसणारे बाबा मान वर न करता म्हणाले, "नसतं सांगितलं, तर अजून बाहेरच उभी असतीस."

एरवी या दोघांचं बोलणं मीठमिरचीपलीकडे जाताना मी क्वचितच ऐकलं आहे. सरदारांच्या वाड्यातलं प्रेम लिहिताना त्या लेखकाला आमच्या पत्र्याच्या घराचा उंबरठा कसा दिसला असेल, कोण जाणे.

मी पुढचं मनात वाचू लागले, तशी आई म्हणाली, "मोठ्यानं वाच की. तिला आत घेतलं का, ते कळू दे."