चष्मा सापडून देणारा बावा

खामगावात माह्या भाजीचं एक जुनं गिऱ्हाईक हाये, दवाखान्यातून रिटायर झालेली ख्रिस्ती नर्सबाई. तिच्या भिंतीवर कडेवर लेकरू घेतलेल्या संत अंतोनीची तसबीर होती. हरवलेलं सापडून देणारा बावा म्हणे. चष्मा भेटला नाही का बाई त्याचं तोंड भिंतीकडं करून द्यायची. "सापडेपर्यंत असाच राह्य बे!" अन् भेटला का पदरानं काच पुसून माफी मांगायची. मले लय हासू यायचं.

माहा लेक कामाले म्हणून गेला तो आलाच नाही. पोलिसात सांगून झालं, देवालेही सांगून झालं. एक दिवस मेथीची जुडी देतानी तिले सांगतलं. तिनं खिळ्यावरून बावाले काढलं अन् माह्या टोपलीत मेथीवर ठेवलं.

"घरी ने वं याले. लेकाचा फोटो दाखव. पाह्यल्याबिगर वळखीन कसा?"

आपला देव असा कोणी दुसऱ्याच्या टोपलीत देते काय?

तवापासून बावा माह्या घरी लेकाच्या फोटोसमोर हाये. त्याचं तोंड भिंतीकडं करायची मले हिंमत होत नाही.

परवा गेली त बाई चष्म्यासाठी फळी चाचपून राह्यली होती. वर खिळा रिकामाच. म्हनलं, "आणून देऊ काय बावाले?"

"राहू दे माय. त्याले मोठं काम लागलं हाये."