राक्षसाचा पाय

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा मी पोराबाळांचंच मागत राहिले आणि हे तसंच गिळलं. आता लिहितेय ते नातीच्या जुन्या वहीत. मागची कोरी पानं उरली होती. माझी शाळा चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, पण लागेल.

तू हे वाचते आहेस म्हणजे वही तुझ्या हाती लागली. कोण आहेस मला माहीत नाही, मैत्रीण समजून सांगते. फक्त एक कर, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही, पण मला गोष्ट सांगता येते. आणि गोष्ट सांगता येणाऱ्या गरीब तोंडाच्या बाईपासून जरा जपूनच असावं. का ते कळेल.

माझी नात प्रांजल सुट्टीला बीडहून आली ती एक जाडजूड पुस्तक घेऊन. त्यात राजे, तलवारी, आग ओकणारे साप, डोंगराएवढी माणसं. जेवायलाही उठेना. मी भाकरी थापता थापता विचारलं, "येवढं काय हाय गं त्यात?"

ती म्हणाली, "आज्जी, यातला राजपुत्र आधी लई चांगला वाटतो. पण तो खोटारडा आहे. आणि ज्याला सगळे राक्षस म्हणतात ना, तो बिचारा नुसता राखण करत बसलेला असतो."

तव्यावरची भाकरी करपली. तिला वाटलं, आजीला समजलं नाही. "सोड, अवघड हाय," म्हणाली आणि हसली.

समजलं नाही? मला? — ती पुस्तक मिटून झोपली आणि मी वही शोधली.

ज्या वर्षी आमच्या तलावाच्या तळाला भेगा पडल्या आणि त्या भेगांत शेळ्यांची करडं पाय अडकून ओरडायची, त्या वर्षीचं हे. गावच्या शेतकरी सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर गुरांची छावणी लावली होती. माझा नवरा टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेला. म्हातारी माणसं घरी, आणि मी न् जाऊबाई गुरं घेऊन छावणीत. तिचे दोन बैल, माझी एक गाय, तांबडी. तांबडी माहेरची होती. आईनं ती लग्नात माझ्यामागं लावून दिली होती, आणि आई पुढच्याच वर्षी गेली. त्या घरात माझी म्हणावी अशी तीच एक. त्या वर्षी ती गाभण होती.

सकाळी गुरांना उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला मिळायचा, मग टँकरचं पाणी. आठवड्यातनं दोनदा सरकीची पेंड. दुपारी मात्र कुणालाच काही काम नसायचं. ताडपत्रीखाली बायका पडून राहायच्या आणि पोरं उन्हात भांडायची. एका दुपारी जाऊबाईच्या पोरीला गप्प करायला मी गोष्ट सुरू केली. जाऊबाई म्हणाली, "आगं, दिवसा गोष्ट सांगू न्हाई. मामा वाट चुकतो." आमच्याकडं सगळे तसंच मानतात. पण रिकामी दुपार कशानं भरणार? दुसऱ्या दिवशी दहा पोरं आली. चौथ्या दिवशी बायका सरकून सरकून जवळ आल्या. मी मान खाली घालून, जमिनीवर काडीनं रेघा ओढत सांगायची. वर बघितलं की माझा आवाज बसायचा.

गोष्ट माझीच होती. एक राजपुत्र, त्याची आई आजारी. सात डोंगरांपलीकडं एक वेल आहे, तिचं पान खाल्लं की मरणारं माणूस उठतं. त्या वेलीला एक राक्षस राखतो. पोरांनी विचारलं, राक्षस कसा चालायचा? मी काडी थांबवली, आणि माझी नजर गेली पेंडीच्या शेडकडं.

तिथं किसनमामा होता. नांदूरघाटकडचा माणूस, सोसायटीचा राखणदार. डाव्या पायावरून कधीतरी भरल्या गाडीचं चाक गेलेलं, तो पाय ओढत चालायचा. मी म्हणाले, "राक्षस असा चालायचा," आणि बोटं तशीच चालवून दाखवली. पोरं हसली. मामालाही ऐकू गेलं. तो तिथनंच ओरडला, "आरं, मंग त्यो मीच की!" आणि दोन्ही हात वर करून, पाय ओढत, "मान्साचा वास येतोय" करत आमच्याकडं आला. पोरं किंचाळत पळाली.

त्या दिवसापासून सगळी छावणी त्याला राक्षसमामा म्हणायला लागली. त्याला ते आवडायचं. असं मला वाटायचं. विचारलं कुठं होतं मी?

एक नीट ध्यानात ठेव. तेव्हाचा माझा राक्षस वाईट नव्हता. एका ऋषीनं त्याला राखणीला बसवलं होतं, आणि शंभर वर्षं त्यानं एक पानही तोंडात घातलं नव्हतं. राजपुत्र पान मागायला आला तेव्हा तो म्हणाला, "माझी असती तर अख्खी वेल दिली असती. माझी नाही, मी कशी देऊ?" हे बोलणं मी मामाचंच उचललं होतं. बायका मूठभर पेंड जास्त मागायच्या तेव्हा तो हेच म्हणायचा, "माझी हाय का बाई ती? माझी असती त पोतं दिलं असतं." पोरांना तो राक्षस राजपुत्रापेक्षा जास्त आवडायचा. मलाही.

मग तांबडी बसली. सकाळी उठवली तर उठेना. मागच्या पायांत बळच नाही. व्यायला अजून तीन आठवडे असतील. चार बायकांनी शेपटीला आणि शिंगांना धरून उभी केली, तर थरथरत उभी राहिली आणि माझ्याकडं बघायला लागली. मी मामाकडं गेले. मागायला मला तोंड नसतं, तरी जास्तीची पेंड मागितली. मामानं तांबडीकडं बघितलं, शेडकडं बघितलं, मान हलवली. "पोरी, तुला दिली त सगळ्यांला द्यावी लागंल."

खरंच बोलला. पण मी परत आले ती दात खात.

दुपारी मामा कळशी घेऊन टँकरकडं जायचा. शेडच्या मागचा एक पत्रा खालून वाकलेला होता, हात आत जाईल एवढा. मी हात घातला. ओटीत पेंड घेतली, वर पदर ओढला. पहिल्या दिवशी दहादा मागं वळून बघितलं. तिसऱ्या दिवशी एकदाही बघितलं नाही. आठवडाभर नेली असेल.

तांबडी आपली आपण उठायला लागली. जाऊबाई म्हणाली, "देवाला काळजी."

आणि मग एका सकाळी पेंड वाटताना कमी पडली. पोत्यांचा ढीगच खाली गेलेला दिसला. छावणी बदलून गेली. कालपर्यंत चिमूटभर मिसरीही वाटून घेणाऱ्या बायका एकमेकींच्या गव्हाणीत डोकावायला लागल्या. सरकीच्या पेंडीचा वास तेलकट असतो, हाताला धरून राहतो. वाटपाचा दिवस नसताना कुणाचा हात हातात आला की बायका तो हळूच नाकाकडं न्यायच्या — बांगड्या बघते म्हणून! मी राखेनं हात घासायची. शेण कालवून बसायची, म्हणजे दुसरा वास येणार नाही. कुणी बोललं तर वाटायचं, हिला कळलंय. कुणी गप्प राहिलं तर वाटायचं, हिला नक्कीच कळलंय.

सोसायटीचे चेअरमन जीपमधनं आले. पांढरी टोपी, हातात छडी. छावणी आणली म्हणून गावानं त्यांना हार घातले होते, म्हाताऱ्या बायका पाया पडायच्या. ते म्हणाले, "चोर हितंच हाय. उद्या एकेक दावण बघतो. ज्याच्याकडं घावंल त्याची गुरं छावणीच्या भायेर."

माझ्या गव्हाणीत पाटीखाली दोन दिवसांची पेंड होती.

त्या दुपारी पोरं गोष्टीला आली.

मी तुला सांगणार होते की ते आपसूक तोंडातून गेलं. एवढी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलेय. पण ते खोटं आहे. मी सकाळपासून राखेनं हात घासता घासता ते जुळवलं होतं, शब्दाला शब्द.

मी सांगितलं की वेलीची पानं कमी व्हायला लागली. सगळे म्हणाले, चोर आला. पण चोर कुठून येईल? रस्ता एकच, आणि त्यावर राक्षस बसलेला. मग एका म्हातारीनं झाडाआडून बघितलं. दुपारी जग झोपलं की राक्षस स्वतःच एकेक पान तोडून खात होता. आणि — इथं मी काडी थांबवली, थांबवली हे मला चांगलं आठवतं — आणि त्याचा पाय लंगडा नव्हताच. लंगडणं हे सोंग होतं. लंगडा कसली चोरी करणार, असं सगळ्यांना वाटावं म्हणून.

मी मान वर केली नाही. मग जाऊबाईच हळू आवाजात म्हणाली, "खरंच की गं. मामाचा पाय कदी सुजलेला दिसत न्हाई."

दुसरी म्हणाली, "आन् दुपारी कुठं जातंय ते? कळशी घिऊन?"

पुढं मला काही बोलावंच लागलं नाही. मी कुणाचं नाव घेतलं होतं का? मी तर गोष्ट सांगत होते.

दुसऱ्या दिवशी चेअरमननी दावणी बघितल्याच नाहीत. त्यांनी मामाला सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाले, "चालून दाखीव बे." मामा चालला. पाय ओढत. कुणीतरी म्हणालं, "बघा, कसं बेनं सोंग करतंय!" सगळे हसले. मामाला काही उमगेना. तो हसणाऱ्या पोरांकडं बघून थोडा हसलासुद्धा. त्याला वाटलं असेल, नेहमीचाच खेळ.

"पेंड कुठं गेली?"

मामानं एकवार सगळ्यांकडं बघितलं. माझ्यावर त्याची नजर थांबली का? मी तेव्हा जमिनीकडं बघत होते, त्यामुळं मला सांगता येत नाही. तो म्हणाला, "राखण माझी व्हती. गेली त माझ्याच हातनं गेली."

चेअरमन म्हणाले, "ऐकलं? बायांची गोष्ट खरी निघाली!"

मामाची किल्ली घेतली. त्याचे स्वतःचे दोन बैल छावणीतच बांधलेले होते, तेही दुपारच्या आत सोडायला लावले. बाहेर चाऱ्याची काडी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामा बैल घेऊन भर उन्हात नांदूरघाटच्या रस्त्याला लागला. पोरं मागं धावली, "राक्षस पळाला, राक्षस पळाला." एकानं ढेकूळ मारलं, ते त्याच्या त्याच पायाला लागलं. मी तांबडीची मान खाजवत उभी होते. त्या दिवशी पोरांनी गोष्ट मागितली नाही. त्यांना शेवट मिळाला होता.

एक संशय मला तेव्हाही होता, अजूनही आहे. माझ्या ओटीनं पोत्यांचा ढीग कसा उतरेल? चेअरमनची जीप दोनदा शेडला पाठ लावून उभी राहिलेली मी बघितली होती. बघितली होती, आणि हार घातलेल्या माणसाविरुद्ध बोलायचं सोडून मी लंगड्या माणसाचा पाय घेतला. त्यांनी काय नेलं ते त्यांचं. मामाला राक्षस त्यांनी केलं नाही.

तांबडी व्याली. कालवड झाली. मामाचा एक बैल वाटेतच बसला आणि उठला नाही, हे महिन्याभरानं कुणीतरी बोलता बोलता सांगितलं. मी वाढं तोडत होते, तोडत राहिले.

पुढं बऱ्याच वर्षांनी नेकनूरच्या बाजारात मामा दिसला. काठी हातात आलेली. ओळखू नये म्हणून मी पदर पुढं ओढला, तरी तो पाय ओढत ओढत माझ्यापाशीच आला. बाजाराच्या गलबल्यात अगदी सावकाश म्हणाला, "पोरी, त्या पेंडीनं तुझी गाय वाचली न्हवं?"

पेंडीचं त्याला कोण सांगणार? मी तर कुणाजवळच बोलले नव्हते. म्हणजे त्यानं बघितलं होतं. वाकलेल्या पत्र्यातनं जाणारा हात त्यानं बघितला होता, आणि कदाचित रोज कळशी घेऊन जाताना तो मुद्दाम हळू चालत होता. सगळ्यांसमोर उभा केला तेव्हा एका शब्दात सुटला असता.

तेव्हा तरी बोलायचं होतं. आम्ही दोघंच होतो. ऐकायला कुणी नव्हतं, माझी गुरं कुणी बाहेर काढणार नव्हतं.

मी म्हणाले, "वाचली, मामा." आणि एसटी निघेल म्हणून निघून आले. एसटीला अजून वेळ होता.

आज प्रांजल सकाळी पुस्तक पुरं करून गेली. जाताना म्हणाली, "आज्जी, मम्मी लहान असताना तू तिला सांगायचीस ती राक्षसाची गोष्ट मला सांग ना पुढच्या वेळी." लेकीलाही मी ती बदललेलीच सांगितली होती. पान खाणारा, सोंग करणारा.

म्हणून इथं नीट लिहून ठेवते. त्या राक्षसानं एकही पान खाल्लं नाही. पान राजपुत्रानं पत्र्याखालून हात घालून नेलं. राक्षसाचा पाय खरोखर लंगडा होता.