कम्प्युटरातली ताई

पुण्याच्या प्रयोगशाळेचं काम मी आमच्या धाड गावी घरी बसून करायचो, कारण मोठी ताई आजारी पडून माहेरी आली होती. जंतूंशी लढायच्या तिच्याच अँटिबॉडी तिच्या मूत्रपिंडांवर उठल्या होत्या. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय! आणि माझं काम, नशिबाची थट्टा बघा, अँटिबॉडींचंच.

आपल्या गळ्यात, काखेत बारक्या गाठी असतात. संसर्ग झाला की त्यांच्यात आखाडा भरतो, त्याला जर्मिनल सेंटर म्हणतात. पेशी जंतूचे तुकडे पकडायला झटतात; ज्यांची पकड पक्की त्या जगतात, बाकीच्या मरतात. जगलेल्या पेशींनी तयार केलेल्या अँटिबॉडी परत तिथंच येऊन ते तुकडे झाकून टाकतात. मग कच्च्या पेशींच्या हाती काही लागत नाही आणि हळूहळू आखाडा मोडतो. ह्या सगळ्याचं मॉडेल मी कम्प्युटरवर मांडायचो. पेशी म्हणजे निळे ठिपके, अँटिबॉडी पिवळे.

मायनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, ही ताईच. बुलढाण्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या पडद्यावर तिनं ताईचं पोट पाहिलेलं. हाही तसलाच पडदा. खंडेनवमीला विळा-कुऱ्हाडीच्या ओळीत तिनं माझा लॅपटॉप मांडला, झेंडू वाहिला आणि हात जोडले. "पोरीले सांभाळ रे बाप्पा." मी चिडून खरं सांगणार, तेवढ्यात ताईनं डोळे वटारले. नंतर म्हणाली, "सांगू नको बे तिले. पहिल्यांदाच कोणी तुह्या कामाले हात जोडून राह्यलं."

तेव्हापासून माय रोज विचारायची, "आज कशी हाये?" ठिपके कमी झालेले असायचे, म्हणजे मॉडेलमध्ये सगळं शांत. "बरी हाये," मी म्हणायचो, आणि आतल्या आत चडफडायचो. माझ्या मॉडेलमध्ये शरीर स्वतःवर उठतच नव्हतं, कारण ते मी त्यात घातलंच नव्हतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ताई गेली.

तेरवी झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. काम तुंबलं होतं. ठिपके हलायला लागले तशी माय आतून आली आणि माझ्या शेजारी टेकली. तिनं पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बोट केलं.

"अजून हाये ना थे?"

एवढं दुःख मला चितेपाशीही झालं नव्हतं. मॉडेलचा शेवट जवळ आला होता. पिवळे सगळीकडे पसरत होते, निळे एकेक करून विझत होते. मायनं माझं मनगट धरलं.

"थांबव ना. इतकी घाई काऊन करून राह्यला?"

मी थांबवलं. पुण्याच्या सरांना कळवलं की काम बिघडलंय, पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल. त्यांनी बरं म्हटलं.

ते ठिपके म्हणजे नुसते आकडे, हे घरात आम्हा दोघा भावंडांनाच माहीत होतं. आता मला एकट्याला माहीत आहे, आणि पुढं चालवायचं बटण माझ्याच्यानं दाबवत नाही.