सहा फ्रॉकांच्या पुरचुंड्या

७ फेब्रुवारी १९८३. उद्याच्या कोर्टाच्या तारखेसाठी धाकट्या जावेचे कागद लावायचे होते. माझ्याच दिरानं मुलीचा ताबा मागितला होता. बायको अंगठा उठवते, ती सहा वर्षांच्या पोरीचं काय बघणार, असं अर्जात लिहिलं होतं. मायलेकी इकडे हिंदी मुलखात, तेलीबागेत आमच्याकडे राहत होत्या. पोरीला लहानपणापासून कुणी सांभाळलं ते दाखवायला वकिलाला तिच्या आजारपणाचे कागद वर्षवार हवे होते.

मी सरकारी कचेरीतली. फायली लावणं रोजचंच. जावेनं ट्रंकेतून सहा पुरचुंड्या काढल्या, प्रत्येक एका जुन्या फ्रॉकच्या कापडात बांधलेली. मी गच्चीवर उन्हात बसून सगळ्या सोडल्या, कापडं बाजूला टाकली, कागदांचा एकच गठ्ठा केला आणि पंच मशीन उचललं. तेव्हा दिसलं, दवाखान्याच्या निम्म्या चिठ्ठ्यांवर तारीखच नाही.

"जाऊबाई, हे काय केलंत? ज्या वर्षीचा फ्रॉक, त्या वर्षीचे कागद होते त्यात."

माझे हात थांबले. "आता गं?"

"आजार तेवढा वाचा. बाकी मी सांगते."

"गोवर."

"पिवळा फ्रॉक. होळीच्या आधी. कडुलिंबाचा पाला तुम्हीच आणला होता."

"कान फुटला."

"निळा. दिवाळी झाल्यावर. हे टूरवर होते."

"डोक्याला टाके."

"फुलांचा. हे घरीच होते, पण उठले नाहीत."

तारीख असलेल्या चिठ्ठ्याही मी मधूनमधून, तारीख न सांगता विचारल्या. एकही चुकली नाही. पोरगी टाळ्या पिटत होती, "बड़ी मम्मी फेल, माँ पास!"

मी हातातलं काम सोडून जावेकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत असं दफ्तर मी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच घरात भाकरी थापत होतं. तिला अडाणी समजण्यात मीही दिराच्या मागे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच मशीन घरीच ठेवलं. कागद ज्याच्या त्याच्या फ्रॉकमध्ये बांधले आणि जावेला घेऊन सवारीच्या टेंपोनं कोर्ट गाठलं.

"भाभीजी, ये क्या कबाड़ उठा लाईं?" वकील म्हणाले.

मी जावेला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं, पुरचुंड्या तिच्या मांडीवर ठेवल्या. "वकील साहब, काग़ज़ बाद में देखिएगा. पहले इनसे पूछिए."