पंचाने न दिलेला गोल

पिरंगुटच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो तेव्हा फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. मी पुण्यात वाढलो, पण आमच्या आळीत विटीदांडू आणि क्रिकेट. फुटबॉल हा लष्करातल्या आणि खडकीकडच्या कारखान्यांतल्या लोकांचा खेळ, एवढीच माझी समजूत. तो मला कळायला लागला पिरंगुटला, पौड रस्त्याला लागून असलेल्या एका टेलरच्या दुकानात.

दुकान लहानच. एक शिवणयंत्र, कापड बेतायला एक लांब टेबल आणि बसायला एक बाकडं. टेलर मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या याच बाजारात राहिलेले. सगळे त्यांना भाई म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ खडकीच्या एका कारखान्यात कामाला होता आणि कारखान्याच्या संघात गोलकीपर होता. गोलकीपरला कुशीवर आपटावं लागतं म्हणून भाई त्याच्या अर्ध्या चड्डीला दोन्ही बाजूंनी आतून कापूस भरून द्यायचे. "बाकीच्यांचे पाय शाबूत ऱ्हायले म्हंजे झालं," ते म्हणायचे, "ह्याचं मात्र सगळं अंगच कामाचं हाय."

दुकानातलं दुसरं नेहमीचं माणूस म्हणजे जवळच्या रिहे गावचे एक हवालदार. पलटणीतून निवृत्त होऊन घरची भातशेती बघत. पलटणीच्या संघात ते बॅकला खेळलेले, तेही बऱ्याचदा अनवाणी. डाव्या पायाची दोन बोटं एकमेकांवर चढलेली होती. ती दाखवून ते सांगत, "हे बुटवाल्यांचं देणं." आठवडी बाजाराच्या दिवशी ते पिरंगुटला यायचे आणि बाजार उरकला की दुकानातल्या बाकड्यावर बसायचे. भाई कारखान्याच्या बाजूचे, हवालदार पलटणीच्या बाजूचे. पुण्याहून येणाऱ्या गाडीचा कंडक्टर निकाल सांगायचा आणि मग दोघांचं सुरू व्हायचं. पंचानं पेनल्टी का दिली, फॉरवर्ड ऑफसाइड होता की नव्हता, पावसाळी मैदानावर बूट बरे की उघडे पाय बरे. शाळा सुटली की मीही तिथं जाऊन बसू लागलो. दोघं भांडताना नियम समजावून सांगत, कारण मी एकटाच असा होतो की ज्याला दोघांपैकी कोणीही आपल्या बाजूला ओढू शकत होतं.

त्या वर्षी अंतिम सामन्यात नेमके कारखाना आणि पलटण समोरासमोर आले. सामना खडकीला, रविवारी. भाईंनी दुकान बंद ठेवलं. हवालदार रिह्याहून घोटवड्यामार्गे चालत आले, धुतलेला फेटा बांधून. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. भाईंनी घरून भाकरी आणि भाजलेल्या सुकटीची चटणी आणली होती. ती मैदानाबाहेरच्या एका झाडाखाली बसून आम्ही खाल्ली. हवालदारांनी आपल्या वाटणीची अर्धी भाकरी भाईंच्या भावासाठी राखून ठेवायला सांगितली. "खेळून भूक लागंल त्याला," म्हणाले.

भाद्रपद सरत आला होता, तरी पाऊस हटत नव्हता. मैदानाचा चिखल झालेला. सुरुवातीला मारलेल्या चुन्याच्या रेघा मध्यंतरापर्यंत पुसट झाल्या आणि दोन्ही गोलांपुढं, जिथं सगळ्यांत जास्त तुडवातुडव होते, तिथं तर चुना राहिलाच नाही. कारखान्यानं पहिल्याच भागात एक गोल केला होता. नंतर पलटणीनं कारखान्याच्या गोलासमोरून हटायचं नाव घेतलं नाही. त्यांचे धिप्पाड गडी पुन्हा पुन्हा चालून येत होते आणि भाईंचा भाऊ पुन्हा पुन्हा चिखलात झोकून देत होता. हवालदारसुद्धा एकदा म्हणाले, "पोरगं चांगलं हाय."

सामना संपत आला असताना ते घडलं. पलटणीच्या फॉरवर्डनं लांबून जोरात मारलेला चेंडू आडव्या बारच्या खालच्या बाजूला लागला, सरळ खाली आदळला, आणि मागं मागं जाणारा गोलकीपर त्याच्यावर पालथा पडला. पलटणीच्या खेळाडूंनी हात वर केले. पंच चिखलातून धावत आला, त्यानं वाकून बघितलं, बाजूच्या निशाणवाल्याकडं पाहिलं आणि गोल नाही म्हणून हात हलवला. थोड्या वेळानं शिट्टी झाली. कारखाना जिंकला.

मी काय पाहिलं, तर काहीच नाही. माझ्यापुढच्या गृहस्थांनी नेमकी त्याच क्षणी छत्री उघडली होती.

परतीच्या गाडीत जे सुरू झालं ते पुढचे कित्येक बाजार संपेना. भाई टेबलावर खडूनं रेघ ओढत आणि तिच्यावर एक मोठं कोटाचं बटण ठेवत. "सबंध चेंडू रेघंच्या पल्याड जायला पायजे. सबंध. एवढा जरी रेघंवर ऱ्हायला तर गोल न्हाई. बराबर हाय का न्हाई, गुरुजी?" मी बरोबर म्हणायचो, कारण नियम तोच होता. मग हवालदार ते बटण बोटानं चार अंगुळं पलीकडं सरकवत. "नियम मलाबी ठावं हाय. पर चेंडू हितं व्हता. हितं."

"रेघच न्हवती तर तुमाला हितं कसं दिसलं?"

"खांब हायेत की दोन. रेघ म्हंजे ह्या खांबापासनं त्या खांबापतुर. डोळ्यानं वढायची."

बाजाराला आलेले लोक थांबून ऐकत, कोणी भाईंच्या बाजूनं तर कोणी हवालदारांच्या. कंडक्टर म्हणायचा, पुण्यातही हेच चाललंय. माझा छत्रीचा किस्सा एव्हाना सगळ्या बाजाराला माहीत झाला होता आणि कोणी निकाल विचारला की हवालदार म्हणत, "गुरुजींना इचारू नका, ते छत्री बघाय गेल्ते." या सगळ्यात गंमत होती. भाईंचं यंत्र चालू असायचं, मधूनच दोघं हसायचे.

पण एका बाजारी हवालदारांच्या तोंडून भलतंच निघून गेलं. त्या दिवशी ते आधीच कावलेले होते, भावकीत बांधावरून काहीतरी झालं होतं. भाईंनी नेहमीसारखी रेघ ओढली, बटण ठेवलं, आणि म्हणाले, "पंचानं वाकून बघितलं, त्याला दिसला न्हाई, मग तुमाला लांबनं दिसला?"

"पंचाला दिसंल कसा?" हवालदार म्हणाले. "तुज्या भावानं पोटाखालनं चेंडू म्होरं सरकावला. आतला भायेर आणला. मी बघितलंय. त्याला ठावं हुतं गोल झालाय. ह्याला खेळ म्हनत न्हाईत, लबाडी म्हनत्यात."

यंत्र थांबलं. भाई चढ्या आवाजात बोलणारे नव्हतेच. त्यांनी यंत्राच्या पायडलवरचा पाय काढून घेतला आणि म्हणाले, "हवालदार, गोल झाला म्हना, हज्जारदा म्हना. माज्या भावाला लबाड म्हनायचं आसंल तर ह्या दुकानात न्हाई."

हवालदार उठले. मग पिशवी उचलून निघून गेले.

त्यानंतर बाकड्यावर मी एकटाच असायचो. हवालदार बाजाराला येत, पण रस्त्याच्या पलीकडच्या अंगानं जात. सदरे त्यांनी घोटवड्याला शिवायला टाकले, ते काखेत इतके दाटले की हात वर होईना. हे त्यांनीच मला पुलाजवळ भेटले तेव्हा सांगितलं. मी म्हटलं, "जा की भाईंकडं. एक शब्द बोललात की झालं." ते म्हणाले, "गुरुजी, बोलायला जीभ वळाय लागती." इकडं भाईंना म्हटलं तर ते म्हणत, "त्यांना दार कुनी बंद केलंय?" दोघांचं म्हणणं एकमेकांना सांगावं असं मला फार वाटे, पण निरोप्या होऊन हे जुळणार नाही, हेही कळत होतं.

हिवाळ्यात कंडक्टरनं वाईट बातमी आणली. सरावाच्या सामन्यात भाईंचा भाऊ समोरच्याच्या पायात झेपावला आणि त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. भाई तसेच, गळ्यातली टेप न काढता, त्याच गाडीनं पुण्याला गेले. हाड लवकर जुळेना. पोरगा बरेच दिवस दवाखान्यात होता. भाई येऊन-जाऊन असत. दुकान अर्धा वेळ बंद. मी हवालदारांना बातमी सांगितली, तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. मला त्याचा राग आला होता. माणसानं एवढं ताठ असू नये, असं मी मनाशी म्हटलं.

ईद उन्हाळ्यात आली. भाऊ विश्रांतीसाठी घरी आलेला होता, हात गळ्यात बांधलेला. भाईंनी मला शिरखुर्म्याला बोलावलं. आम्ही ओटीवर बसलो होतो, तेवढ्यात हवालदार रस्त्यावरून वळून थेट घराकडं आले. अंगात तोच दाटलेला सदरा, खांद्यावर तांदळाचं लहानसं पोतं. पोतं त्यांनी उंबऱ्याशी टेकवलं.

भाई उठून उभे राहिले. "या," एवढंच म्हणाले.

भाऊ मात्र गळ्यातल्या झोळीतून हात काढून, हसून म्हणाला, "मामा, आता हात वर जातुया बगा. मागल्या बारीला आला हुता तवा हालतसुदिक न्हवता."

भाईंनी आधी भावाकडं पाहिलं, मग हवालदारांकडं. "मागल्या बारीला?"

आतून भाईंच्या बायको, भाभी, म्हणाल्या, "दवाखान्यात सांजच्याला येऊन बसायचे. तुमी गाडीला गेलात की. मी तितंच असायची, मला समदं ठावं हाय. सांगू नका म्हनले म्हनून न्हाई सांगितलं."

हवालदार बसले नव्हते. उभ्यानंच बोलले, आणि ते वाक्य त्यांनी रिह्यापासून घोकत आणलं असावं. "भाई, गोल झाला, हे मी मागं घेत न्हाई. लबाड म्हनालो, ते मागं घेतो."

भाईंनी सतरंजीवरची स्वतःची जागा हातानं झटकली आणि म्हणाले, "बसा. गोल न्हवता."

"व्हता."

"न्हवता, हवालदार."

मला राहवलं नाही. इतके महिने कोणी न विचारलेलं मी त्या मुलाला विचारलं. त्याच्याशिवाय सांगणार तरी कोण? तो जरा ओशाळला. म्हणाला, "गुरुजी, खरं सांगू का, मला ठावं न्हाई. बारवर आदळल्याला आवाज आला तवा मी पडतच हुतो. डोळ्यात चिखुल गेला. पोटाखाली चेंडू लागला, तसा दाबून धरला. पंच काय म्हनतोय त्याचीच वाट बघत हुतो. गोल दिला असता तर मी काय बोललो नसतो."

मला वाटलं, आता मिटलं. पण दोघंही त्या पोरावरच घसरले.

"आरं, खांब तर दिसत हुता का न्हाई तुला?" हवालदार म्हणाले.

"चिखलात तोंड घालून पडल्याल्याला काय इचारताय," भाई म्हणाले, "आमी भायेरनं उभ्यानं बघत हुतो."

"त्येच म्हंतोय मी. त्येची साक्ष धरायची न्हाई."

या एका मुद्द्यावर दोघांचं प्रथमच एकमत झालं. भाभींनी वाट्या आणून ठेवल्या. हवालदारांनी दोनदा शिरखुर्मा घेतला, आणि दुसऱ्या वाटीच्या वेळी हात लांब करताना काखेत सदरा उसवला. भाईंनी तो तिथंच उतरवून घेतला आणि हवालदार उघड्या अंगावर उपरणं घेऊन, पंचानं निशाणवाल्याला विचारायला हवं होतं की नाही, यावर बोलत राहिले.

पुढच्या मोसमात आम्ही पुन्हा खडकीला गेलो. भाऊ तेव्हा खेळत नव्हता. खांदा पूर्ण सुधारला नव्हता, म्हणून तो आमच्यातच बसला होता. कारखान्याचा संघ पहिल्याच फेरीत एका कॉलेजच्या पोरांकडून हरला, तोही स्वच्छ, वादाला काही जागा न ठेवता. येताना गाडीत गर्दी होती. भाई आणि हवालदार एकाच बाकावर दाटीवाटीनं बसले होते आणि नवा गोलकीपर कसा उंचावरच्या चेंडूला भितो, हे दोघंही भाईंच्या भावाला पिरंगुट येईपर्यंत समजावून सांगत होते. पोरगा खिडकीला डोकं टेकून झोपी गेला होता. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.